राखीव बरणी

बिघडलेला मेंदू वीसटक्के सरांना नुसत्या नजरेने ओळखता येत असे. असं ते स्वतः सांगत, आणि सरांनी स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट तपासून बघण्याची त्या विभागात पद्धत नव्हती.

सरांचं खरं नाव दारावरच्या पितळी पाटीवर होतं आणि तिथेच राहिलं. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या मेंदूच्या पुढच्या भागात पेशी वीस टक्के कमी असतात, हा सरांचा शोध. तो त्यांनी तरुणपणी लावला आणि पुढे जन्मभर त्याच्या जिवावर जगले. भाषण कशाचंही असो, सर वळसे घेत घेत वीस टक्क्यांवर येणारच. विभागातल्या म्हाताऱ्या शिपायाच्या निरोप समारंभात त्यांनी एक माणूस कमी होणं आणि एक पेशी कमी होणं यांतलं साम्य इतका वेळ समजावलं की शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सरांनी आपल्या वक्तृत्वाच्या खात्यावर जमा केलं. त्या दिवसापासून विद्यार्थी त्यांना वीसटक्के म्हणू लागले, आणि सरांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांना ती पदवीच वाटली.

त्यांच्या कामाची रीत अशी. मेलेल्या माणसाचा मेंदू फॉर्मलिनच्या बरणीत ठेवायचा. तो घट्ट झाला की त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर पसरायचे, निळा रंग द्यायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली एका चौकटीत जेवढ्या निळ्या पेशी दिसतील तेवढ्या मोजायच्या, चौकट पुढे सरकवायची, पुन्हा मोजायच्या, मान मोडेपर्यंत. मोजणाऱ्याच्या मनात आधीच काही भरलेलं असू नये म्हणून काचेवरचा क्रमांक कागदी पट्टीने झाकतात. मेंदू आजाऱ्याचा की निरोग्याचा, हे मोजून झाल्यावरच कळावं. सरांच्या मते ही पट्टी साध्या माणसांसाठी होती. जो क्रमांक न बघताही ओळखतो, त्याच्यापासून लपवायचं काय?

आणि गंमत अशी की ते खरंच ओळखत. दर वर्षी नवे विद्यार्थी आले की मोठ्या व्याख्यानगृहात सर हा खेळ करून दाखवत. पट्टी लावलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली जाई, चित्र पडद्यावर उमटे, सर डोळे बारीक करून क्षणभर बघत आणि म्हणत, आजारी. पट्टी काढावी तर आजारीच. पुढची काच, निरोगी. निरोगीच. मुलं तोंडात बोटं घालत. कोणी विचारलंच की सर, ओळखता कसं, तर सर हसून सांगत की हे शिकवता येत नाही, जात्याच लागतं.

घरी मात्र त्यांना बाळ म्हणत. साठीला टेकलेल्या माणसाला बाळ म्हणणारी ती त्यांची आई. घरात दोघंच. सरांनी लग्न केलं नव्हतं, संशोधनाला वाहून घेतल्यामुळे, असं ते सांगत. कोणी होकार दिला नाही म्हणून, असं आई सांगे.

मागची खोली पूर्वी दादाची होती. दादा म्हणजे सरांचा थोरला भाऊ. बाळला सायकल चालवायला त्याने शिकवलं, हातच्याची बेरीजही त्यानेच शिकवली. मग ऐन उमेदीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. जिन्यावर कोणाची पावलं वाजली तरी ती माणसं आपल्याबद्दलच बोलतायत असं त्याला वाटे. एकदा भर दुपारी त्याने समोरच्यांच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि पायरीवर पहारा देत बसला. ते दिवस सगळ्यांनाच वाईट गेले, आणि सगळ्यांत वाईट दादाला. पुढे औषधांनी आवाज बसले. पुरते गेले नाहीत, पण शेजारच्या घरातल्या रेडिओइतके राहिले. दादा मागच्या खोलीत मुकाट्याने राहू लागला, आईला भाजी निवडून देऊ लागला. नेमका त्याच सुमारास सरांना शोध लागला, आणि शोधाबरोबर स्वतंत्र अभ्यासिकेची गरजही भासू लागली.

एका संध्याकाळी सरांनी दादाच्या मेंदूची फिल्म आणली आणि खिडकीच्या काचेला टेकवून आईला दाखवली. मधोमध फुलपाखराच्या आकाराची काळी जागा होती. ही पाण्याची पोकळी, ती मोठी झालीय, म्हणजे आजूबाजूचा मेंदू ओसरलाय, आणि पेशी तर वीस टक्के कायमच्या गेल्या, असं त्यांनी समजावून सांगितलं. आईने विचारलं, अशी काळी जागा सगळ्यांना असते का. सर म्हणाले, असते, पण लहान. किती लहान, असं आईने विचारल्यावर सर म्हणाले की ते सरासरीचं गणित आहे, तुला कळायचं नाही. आईला खरंच कळलं नाही. एवढं मात्र कळलं की शिकलेला मुलगा सांगतोय, तुझ्या थोरल्यात आता काही उरलेलं नाही. ती ऊर फुटेस्तोवर रडली. मग दादा शहराबाहेरच्या संस्थेत गेला, आणि मागच्या खोलीत सरांचं टेबल आलं, पुस्तकं आली, भिंतभर मानचिन्हं आली. आई बसने दादाला भेटायला जात राहिली. सरही सुरुवातीला जात, मग परिषदा वाढल्या.

पण सरांनी भावाला वाऱ्यावर सोडलं असं कोणी म्हणू नये. संस्थांमधून येणाऱ्या मेंदूंची एक कटकट असते. काप काढायचे तर नातेवाइकाची सही लागते, आणि नातेवाईक फिरकत नाहीत. जिवंतपणी जे भेटायला आले नाहीत ते मेल्यावर सही करायला कशाला येतील? तोवर मेंदू बरणीत पडून राहतो, एकेक तर वर्षानुवर्षं. अशा बेपर्वा नातेवाइकांचा सरांना मनापासून संताप येई. दादाच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून त्यांनी आपली सही आधीच देऊन ठेवली होती, आणि बरण्यांच्या फळीवर अगदी कडेला एक नवीकोरी बरणी ठेवली होती, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, आत फॉर्मलिनचा थेंबही न पडलेली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर दादाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, राखीव. सख्ख्या भावाने एवढं तर करायलाच हवं.

आता आई थकली. गुडघ्यांनी दगा दिला, बस चढवेना. ती बाळच्या मागे लागली की दादाला घरी आण, मला डोळ्यांसमोर हवाय तो, मी आता किती दिवसांची. सर म्हणाले, आणून उपयोग काय, आत कोणी उरलंच नाहीये. आईने तोच धोशा लावला. जेवताना, औषध घेताना, सर बूट घालून दारात उभे असताना. शेवटी सरांनी मन मोठं केलं. विभागात नव्या पद्धतीने नव्याने मोजणी सुरू होतेय, ते म्हणाले, तिच्यात पेशी भरल्या तर दादाला आणू. हे वचन देताना त्यांच्या खिशाला काही तोशीस नव्हती, निकाल त्यांना तरुणपणापासून पाठ होता. आईने मात्र ते वचन पदराला गाठ मारून ठेवलं.

नवी मोजणी ज्यांच्याकडे होती त्या डॉक्टरीणबाई विभागात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. बाई हुशार होत्या, कामसू होत्या, पण त्यांच्यात एक मोठा दोष होता. त्या विचारत. आजारी मेंदूंच्या जुन्या काचा फिकट का दिसतात, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. सर म्हणाले, तोच तर आजार. बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की हे मेंदू बरणीत किती काळ होते. सरांनी घड्याळात बघितलं. मग बाई म्हणाल्या की नवा संच मी थोडा वेगळा निवडते, आणि सर म्हणाले, निवडा हवा तसा, बरणी बदलल्याने मेंदू बदलत नाही.

बाईंनी वेगळा म्हणजे वेगळाच निवडला. आजाऱ्यांचे मेंदू अशा घरांमधले घेतले जिथे माणूस शेवटपर्यंत घरच्यांत राहिला होता. घरच्यांनी रडत रडत का होईना, लगेच सही केली आणि काप ताबडतोब निघाले. निरोग्यांचे मेंदू घेतले अपघातात गेलेल्यांचे, कोर्टात खटला अडकल्यामुळे बरणीत लोळत पडलेले, पिवळे पडलेले.

विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली तेव्हा सरांनी स्वतःहून फर्मान काढलं की यंदा खेळ नव्या संचावर होईल. या विचारणाऱ्या बाईंना एकदा दाखवून द्यावं, असं त्यांच्या मनात होतं. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की सर, या काचांची गोष्ट वेगळी आहे, आधी एकदा खासगीत बघून घ्या. सर कीव आल्यासारखं हसले.

व्याख्यानगृह भरलं होतं. पहिली काच लागली, पडद्यावर गडद निळ्या पेशी उमटल्या. सरांनी निरोगी म्हणून सांगितलं. पट्टी निघाली, आजारी. सर म्हणाले, पट्टी लावताना घोळ झालेला दिसतोय. दुसरी काच फिकट होती, सरांनी आजारी सांगितलं, निघाली निरोगी. तिसऱ्यापर्यंत सरांच्या कपाळावर घाम आला, पण नजर ठाम होती. ज्याला ते आजारी म्हणत तो निरोगी निघे, ज्याला निरोगी म्हणत तो आजारी. संच संपेपर्यंत एकही बरोबर आली नाही. मागच्या बाकावर कोणाला तरी खोकला आला, तो साथीसारखा पुढच्या बाकापर्यंत पोचला. सरांनी चष्मा पुसला, दिव्यात दोष असल्याचं जाहीर केलं आणि ते बाहेर पडले.

ते तडक बाईंच्या खोलीत गेले आणि पट्ट्या कोणी उलट्या लावल्या ते विचारलं. बाईंनी सगळ्या नोंदी पुढे ठेवल्या. पट्ट्या बरोबर होत्या. सरांनी दोनदा तपासून पाहिल्या, तरी बरोबरच होत्या.

"सर, निम्म्या चुकल्या असत्या तर मी म्हटलं असतं, नजर गेली," बाई म्हणाल्या. "सगळ्याच्या सगळ्या चुकल्या, म्हणजे नजर शाबूत आहे. ती फक्त आजार बघत नाही. बरणी बघते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदू फॉर्मलिनमध्ये फार काळ राहिला की नीट रंग धरत नाही. लहान पेशी इतक्या फिकट होतात की मोजणाऱ्याला दिसतच नाहीत. सरांच्या जुन्या संचात आजारी तेवढे बरणीत पडून राहिलेले होते आणि निरोगी ताजे. सर इतकी वर्षं बरणीतला मुक्काम ओळखत होते आणि त्याला आजार म्हणत होते.

"मग माझ्या वीस टक्के पेशी गेल्या कुठे?" सरांनी विचारलं. माझ्या म्हणाले.

"कुठेच गेल्या नाहीत. तिथेच होत्या. दिसल्या नाहीत, एवढंच."

सरांनी शेवटचा हात मारून पाहिला की मग काय, आजारात मेंदूला काहीच होत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला. बाई म्हणाल्या, होतं ना. पोकळ्या थोड्या मोठ्या दिसतात, वरचा थर थोडा पातळ दिसतो, पण ते बऱ्याच जणांची सरासरी काढल्यावर. एका माणसाच्या फिल्मवर बोट ठेवून काही सांगता येत नाही. बरणीत सारखाच काळ राहिलेले मेंदू शेजारी ठेवून मी मोजले, तर पेशी तितक्याच भरल्या, पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या फांद्या मात्र विरळ दिसल्या. घरात माणसं तितकीच आहेत, एकमेकांकडे येणंजाणं कमी झालंय, असं समजा. सर दाराकडे वळले. जाता जाता, काहीतरी विचारायचं म्हणून, त्यांनी विचारलं की आजारीच तेवढे बरणीत का पडून राहिले असतील.

"सही करायला कोणी येत नाही, सर. तुम्हीच तर दर भाषणात सांगता."

विभागातून घरी जाईपर्यंत सरांनी सगळी आखणी केली. एक समिती नेमायची. समिती म्हणेल, मोजणी पुन्हा करा. पुन्हा करायला वेळ लागतो, आणि आईचं वय बघता, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो घाईने मागे ढकलला. आईला सांगायचं, अजून मोजतायत.

घरी पाऊल टाकलं तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. टेबल भिंतीला सरकवलेलं, पलंगावर धुतलेली चादर. मानचिन्हं एका पोत्यात भरून जिन्याखाली ठेवलेली. समोरच्या बिऱ्हाडातल्या दोन माणसांना हाताशी धरून आईने हे उरकलं होतं, ती त्याच घरातली, ज्याच्या दाराला दादाने एकदा कडी घातली होती. आई खुर्चीत बसून होती. बाळ काही बोलत नाही म्हटल्यावर तिने दुपारी सरळ विभागात फोन लावला होता आणि मोजणाऱ्या बाईंनाच विचारलं होतं. बाईंना काय ठाऊक त्या आकड्यावर कोणाचं काय अडलंय. त्यांनी जे होतं ते सांगून टाकलं.

"पेशी भरल्या म्हणे," आई म्हणाली.

सर म्हणाले, आई, हे इतकं सोपं नसतं. त्याची औषधं आहेत, त्याला तिथली सवय झालीय, पुन्हा काही झालं तर कोण बघणार.

"तू त्याला पाठवलंस तेव्हा सोपं होतं."

आई पुढे म्हणाली की त्या काळ्या जागेचंही मी विचारून घेतलंय, आणि आता ती सरासरी मला कळली. तू उद्या सकाळी गाडी घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी सर आधी विभागात गेले. बाई आता फळीवरची एकेक बरणी उतरवून बघणार, आणि कडेची ती रिकामी बरणी बघितली की विचारल्याशिवाय राहणार नाहीत, या भीतीने त्यांनी ती पिशवीत घातली आणि कोणी यायच्या आत बाहेर पडले. भावाच्या प्रेमाने नव्हे, लाजेने. लाज तरी होती, हेच त्यातल्या त्यात बरं.

संस्थेच्या दारात दादा एक कापडी पिशवी घेऊन उभा होता. केस पांढरे, हात औषधांमुळे थरथरणारे. सरांना वाटलं होतं तो ओळखणार नाही. त्याने बाळ्या म्हणून हाक मारली आणि गाडीत बसला. अर्धा रस्ता तो बाहेर बघत होता, मधेच ओठ हलत, कोणाला तरी थांब म्हटल्यासारखे. मग त्याने विचारलं की आज काय विशेष. सरांनी घसा साफ केला आणि सांगितलं की दादा, मोजणीत चूक झाली होती. तुझ्या पेशी तितक्याच आहेत, सगळ्यांच्या असतात तेवढ्या.

दादाने बोटांवर काहीतरी मोजलं. बेरीज न चुकणारा माणूस होता तो.

"मग मी तिथे कशाला होतो?"

सरांकडे कुठल्याही प्रसंगाला एक भाषण असे. या प्रसंगाला नव्हतं.

"रंग धरला नव्हता, दादा," ते म्हणाले.

"हां," दादा म्हणाला, आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

आईने दारातच त्याला धरलं आणि सोडेना. एवढ्या आनंदाने तिला रडताना सरांनी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या एकाही मानचिन्हाला ती अशी रडली नव्हती, हेही त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. चहा झाला. आईने बिस्किटांचे पुडे काढले, दादाला आवडणारी बिस्किटं, संस्थेत नेऊन द्यायला म्हणून घेतलेली आणि बस चढवेना म्हणून घरीच राहिलेली. दादा ती ठेवायला काहीतरी शोधू लागला. तिथे उघडं ठेवलेलं टिकत नाही, त्याने सांगितलं, झाकणाचं काही नसतं आमच्याकडे. शोधता शोधता त्याने सरांची पिशवी उघडली आणि बरणी बाहेर काढली.

सर उठून उभे राहिले, पण तोवर दादा चिठ्ठी वाचत होता. आधी आपलं नाव वाचलं, मग खालचा शब्द. आईनेही मान वाकवून वाचला. तिने एकदा बाळकडे बघितलं, आणि तो काय ते सांगेल म्हणून बघतच राहिली.

"माझी?" दादाने विचारलं.

"तुझीच."

"माझ्यासाठी ठेवली होतीस?"

"हो."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं," सर म्हणाले.

दादाचा चेहरा पार सैल झाला. त्याने बरणी शर्टाला पुसली, झाकण उघडून बंद करून बघितलं.

"मला वाटायचं तू विसरलास," तो म्हणाला.

मग त्याने थरथरत्या हातांनी एकेक बिस्कीट आत रचलं, झाकण लावलं, आणि बरणी मागच्या खोलीत, मानचिन्हांच्या रिकाम्या फळीवर, चिठ्ठी समोर येईल अशी ठेवली. थोडं थांबून ती पुन्हा खाली काढली, झाकण उघडलं आणि बरणी धाकट्यापुढे धरली.

"घे बाळ्या. भरपूर आहेत."

सरांनी एक घेतलं. चहा संपला होता, त्यामुळे ते कोरडंच चावावं लागलं.